लोणारच्या गाळातला पावसाचा हिशेब



माझं सासर मुंबईत साकीनाक्याला आणि माहेर बुलढाणा जिल्ह्यात, लोणारजवळ. साकीनाक्याजवळ पवईचा तलाव आहे. तो 1891 साली बांध घालून केलेला, म्हणजे आपल्या पणजीच्या वयाचा. लोणारचं सरोवर मात्र माणसाने केलेलं नाही. आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या खडकात खड्डा पडला, त्यात ते साठलं. त्याने हजारो वर्षांचे पावसाळे पाहिलेत. आज त्याचीच गोष्ट.

हा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्यात पाणी येतं, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, म्हणून ते पाणी खारट. पावसाबरोबर आलेली माती तळाशी बसते. टोपलीत भाकरीवर भाकरी ठेवतो ना, तसे थरावर थर. सगळ्यात जुना थर तळाला. शास्त्रज्ञांनी नळी खाली घालून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळ अखंड बाहेर काढला. त्यात जवळजवळ 11,000 वर्षांचा हिशेब निघाला.

हिमयुगात आपल्याकडे बर्फ नव्हता. पण जग थंड होतं, त्यामुळे मोसमी पाऊस दुबळा होता. सुमारे 11,700 वर्षांपूर्वी हिमयुग संपलं आणि पावसाने जोर धरला. हे कसं कळलं? पानांवर मेणाचा बारीक थर असतो. तो गाळात टिकून राहतो. झाडाचं मेण कोणतं, गवताचं कोणतं, हे प्रयोगशाळेत ओळखता येतं. हिमयुगानंतरची काही हजार वर्षं पाऊस चांगला होता, झाडी भरपूर होती. पुढे पाऊस हळूहळू कमी झाला आणि गवत वाढलं.

गाळाच्या काही थरांत गेलुसाइट नावाचे क्षाराचे खडे सापडले. पातेल्यातलं खारं पाणी आटलं की तळाशी पांढरं साचतं, तसंच हे. सरोवर फार आटलं तेव्हा ते खडे तयार झाले. त्यावरून दुष्काळाचे दोन मोठे काळ कळले. एक सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. त्या काळातही अधूनमधून बरी वर्षं आली असतील, पण एकंदर पाऊस पिढ्यान् पिढ्या कमीच राहिला.

आपण म्हणतो, यंदा नाही तर पुढच्या वर्षी पडेल. सरोवराचा गाळ सांगतो, तेवढ्या भरवशावर राहू नका. लोणारच्या काठावर गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. ती जमिनीत मुरलेल्या पाण्यावर चालते. आपल्या विहिरींचंही तसंच. वर मुरेल तेवढंच खाली मिळेल.

म्हणून गटाच्या बैठकीत एक काम ठरवा. दिवाळीनंतर आणि मार्चअखेर गावातल्या चार विहिरींचं पाणी दोरीने मोजा आणि वहीत लिहा. किती पाणी उरलं ते पाहून उन्हाळी पीक घ्यायचं की नाही, ते ग्रामसभेत बोला. गावतळ्यातला गाळ काढला तर तो शेतात टाका, तळ्यात पाणी जास्त साठेल. लोणारचा गाळ मात्र जागेवरच राहू द्या. ती आपल्या पावसाची वही आहे, आणि तिच्यात अजून पुष्कळ वाचायचं बाकी आहे.