हार्ड डिस्क झोपवावी की जागी ठेवावी? घरच्या रेकॉर्डरवरून संशोधनाचा एक धडा

औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी टीव्हीखाली एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे, रेकॉर्डिंगवाला. भारतात २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला आणि आत हार्ड डिस्क असलेले असे बॉक्स घराघरांत दिसू लागले. आमचा त्यानंतरच्या पिढीतला. त्यात सिनेमे आहेत, क्रिकेट आहे, आणि अकरा मिनिटांची एक मुलाखत आहे. सह्याद्री वाहिनीवरच्या एका शेतीविषयक कार्यक्रमात माझे आजोबा मोसंबीच्या बागेबद्दल बोलले होते, ती. आजोबा आता नाहीत. त्यांचा आवाज असलेली ही एवढी एकच गोष्ट घरात उरली आहे.

त्यामुळे आमच्याकडे एक वाद कायमचा आहे. आई म्हणते, "बॉक्स बंद करायचाच नाही, सारखं चालू-बंद केलं की मशीन बिघडतं." मामा म्हणतात, "रात्रभर चाक फिरवत ठेवलं तर झिजणारच. बटण बंद करून झोपा." दोघांकडे पुरावा आहे. आईच्या मैत्रिणीचा संगणक चालू करतानाच गेला, मामांच्या दुकानातला चालू असतानाच गेला. आणि घरात पीएचडी करणारा मी एकटा, त्यामुळे निकाल मी द्यायचा!

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकताच विषय शोधायला लागला असाल, तर हा वाद नीट बघा. संशोधनाचा प्रश्न सुरुवातीला असाच येतो, दोन ठाम मतं आणि दोन किस्से घेऊन.

पहिली पायरी: "झीज" म्हणजे नेमकं काय?

"डिस्क झिजते का?" हा प्रश्न तपासता येत नाही. काय झिजतं, कशाने झिजतं, ते आधी वेगळं करावं लागतं.

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. घरगुती रेकॉर्डरमध्ये त्या साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेतात. त्यांच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड असतं, पण ते तबकडीला टेकत नाही. फिरण्यामुळे तयार झालेल्या हवेच्या थरावर, काही नॅनोमीटर उंचीवर ते तरंगतं. म्हणजे डिस्क सुरळीत फिरत असताना हेड आणि तबकडी यांच्यात घासाघीस नसते. या बाबतीत आई बरोबर आहे.

पण डिस्क थांबली की ती हवा जाते. जुन्या रचनेत हेड तबकडीवरच्या ठरलेल्या पट्ट्यात उतरायचं आणि सुरू होताना तिथूनच घासत उठायचं. नव्या रचनेत हेड बाजूच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, जाऊन बसतं. दोन्हींत प्रत्येक थांबण्या-उठण्याची थोडी किंमत मोजावी लागते. शिवाय सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. आपल्या पाण्याच्या मोटरसारखंच.

दुसऱ्या बाजूला, सतत फिरल्याने बेअरिंगचे तास वाढतात आणि उष्णता साचते. इथे मामांचं म्हणणं खरं आहे. म्हणजे दोघंही बरोबर आहेत, पण दोन वेगवेगळ्या झिजांबद्दल बोलत आहेत.

दुसरी पायरी: यंत्र खरंच काय करतंय ते बघा

"रात्री रिमोटने बंद करतोच की आपण," असं बाबा म्हणाले. मी वॉटमीटर आणून लावला. रिमोटने बंद केल्यावर आकडा जवळजवळ हललाच नाही. कारण साधं आहे. असे रेकॉर्डर चालू कार्यक्रम मागे नेता यावा म्हणून सतत काही वेळाचं चित्रण डिस्कवर लिहीत राहतात, आणि साध्या स्टँडबायमध्ये बऱ्याच बॉक्समधली डिस्क फिरतच असते. समोरचा दिवा लाल झाला म्हणजे डिस्क थांबली, हे आपण गृहीत धरलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन गाढ झोपेचा किंवा वीज वाचवण्याचा पर्याय निवडला, तरच ती थांबते.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा. तुमच्या विषयात असा "लाल दिवा" कोणता आहे? जे मोजतोय असं वाटतं, ते खरंच मोजतोय का?

तिसरी पायरी: हिशेब करा

जुन्या रचनेच्या बऱ्याच डेस्कटॉप डिस्कना ५०,००० वेळा थांबण्या-सुरू होण्याची क्षमता दिलेली असते. रात्री एकदा झोपवली तर वर्षाला ३६५ वेळा, दहा वर्षांत ३,६५०. मर्यादेच्या जवळपासही नाही.

आता उलटं टोक बघा. काही वीज वाचवणाऱ्या डिस्क अवघे ८ सेकंद काम नसलं की हेड रॅम्पवर नेऊन ठेवायच्या. समजा, यंत्र दर ३० सेकंदांनी काहीतरी लिहितं. मग मिनिटाला दोनदा, दिवसाला २,८८० वेळा हेडची ये-जा. रॅम्पवाल्या डिस्कची क्षमता ३,००,००० धरली, तरी ती साधारण १०४ दिवसांत संपते.

म्हणजे "झोप वाईट की चांगली" हा प्रश्नच अपुरा होता. रात्रीची एक लांब झोप निरुपद्रवी, दर अर्ध्या मिनिटाची डुलकी घातक. आणि वीज? डिस्क फिरती ठेवायला ५ वॉट धरले, तर वर्षाला सुमारे ४४ युनिट.

चौथी पायरी: मोठ्या संख्येकडे जा, पण जपून

दोन किस्स्यांवरून निष्कर्ष निघत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत एकाच परिषदेत या विषयावर दोन महत्त्वाचे शोधनिबंध आले. दोन्हींत सुमारे एक लाख डिस्कची माहिती होती.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या श्रोडर आणि गिब्सन यांनी कंपन्यांचा "दहा लाख तास" हा आकडा तपासला. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं! पण एक डिस्क ११४ वर्षं चालेल असा त्याचा अर्थ नाही. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर साधारण नऊ जातील, असा आहे. प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं सर्रास दिसलं. सरासरीचा आकडा वाचताना "कशाची सरासरी?" हे विचारायची सवय लावा.

दुसरा निबंध गूगलच्या संशोधकांचा. जास्त वापर किंवा जास्त तापमान म्हणजे जास्त बिघाड, असं सरळ नातं त्यांना मिळालं नाही. तापमानाचा त्रास दिसला तो फार गरम आणि जुन्या डिस्कमध्ये. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी आपल्या आरोग्य-नोंदींतल्या चार मुख्य निर्देशकांत आधी कोणताच इशारा दिला नव्हता.

मग हे आमच्या घराला जसंच्या तसं लागू करायचं का? नाही. तिथे वातानुकूलित खोल्या, अखंड वीज. इथे मे महिन्यात पारा चाळिशीपार, बॉक्स बंद कपाटात आणि वर आईने अंथरलेला विणलेला रुमाल. त्यात अचानक जाणारी वीज. तेव्हा डिस्क फिरत्या तबकडीच्याच ऊर्जेवर हेड कसंबसं जागेवर नेते, आणि ही घाईची परती नेहमीच्या थांबण्यापेक्षा जास्त कष्टाची असते. ज्या परिस्थितीतून माहिती आली आणि जिथे ती वापरायची, त्यांतला फरक मांडणं हे तुमच्या प्रबंधातल्या "मर्यादा" या प्रकरणाचं खरं काम आहे.

मग आम्ही काय केलं?

रात्री गाढ झोप, एकदाच. दिवसा उगाच चालू-बंद नाही. भिंतीवरचं बटण बंद करायचं असेल तर आधी रिमोटने झोपवायचं, डिस्कचा आवाज थांबू द्यायचा, मगच बटण. बॉक्स कपाटाबाहेर काढला. रुमाल आईने कुरकुरत उचलला.

पण हे सगळं करून झाल्यावर लक्षात आलं, की आम्ही चुकीच्याच प्रश्नावर भांडत होतो. डिस्क कधीतरी जाणारच, आणि जाताना सांगून जाईलच असं नाही. प्रश्न डिस्क वाचवण्याचा नव्हताच, आजोबांचा आवाज वाचवण्याचा होता. असं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सशी कुलूपबंद असतं, डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी उघडत नाही. म्हणून एका रविवारी पडदे ओढले, मोबाइल स्टँडवर लावला आणि टीव्हीवर चालू असलेली मुलाखत सरळ चित्रित केली. मधेच कुकरची शिट्टी ऐकू येते. असू दे. आता त्या फाइलच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक मामांकडे.

बॉक्स अजून चालतोय. मामा म्हणतात, रात्री झोपवतो म्हणूनच. मी त्यांना सांगितलं, एका डिस्कवरून काही सिद्ध होत नाही. तुम्हीही तुमच्या गाइडला तसं सांगू नका. आणि हो, प्रबंधाची फाइल एकाच लॅपटॉपवर असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी तिची प्रत काढा.