मागे राहणारी रेघ

सॉल्युबिलिटी चाचणीत नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे एवढं कळतं. पण माणूस वाहक की रुग्ण, विदर्भात किंवा नंदुरबारकडे विचारतात तसं ‘एएस की एसएस’, हे काही ती नळी सांगत नाही. म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीतलं तेच रक्त इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे विजेने प्रथिनं वेगळी करण्याच्या, टेबलावर येतं.

खरा कस वीज सुरू होण्याआधीच लागतो. आधी प्लाझ्मा काढून टाकायचा आणि लाल पेशी सलाइनने पुन्हापुन्हा धुवायच्या. प्लाझ्मातली प्रथिनं राहिली तर तीही विजेबरोबर सरकतात, रंग धरतात आणि नसलेल्या हिमोग्लोबिनची रेघ उमटवतात. मग डिस्टिल्ड वॉटर घालून पेशी फोडायच्या, टोल्युइनने चरबी आणि पेशींच्या आवरणांचे अवशेष वेगळे करायचे, सेंट्रिफ्यूज फिरवायचा. उरतं ते डाळिंबाच्या रसासारखं स्वच्छ लाल द्रावण. घाईत केलेली धुलाई पुढे कुठलंही यंत्र भरून काढत नाही.

सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी बफरमध्ये भिजवून टिपकागदाने टिपली जाते, आणि तिच्यावर द्रावणाचा अगदी सूक्ष्म थेंब बारीक रेघेसारखा टेकवला जातो. शेजारी आधीपासून माहीत असलेला एएस नमुना हवाच. त्याच्याशी ताडल्याशिवाय रेघ वाचायची नाही.

मग काहीशे व्होल्ट. सुमारे ८.६ पीएचच्या बफरमध्ये हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे निघतं. नेहमीचं ‘ए’ पुढे जातं. ‘एस’च्या दोन्ही बीटा साखळ्यांत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन असतं. रेणूमागे दोन ऋण भार कमी झाले, तेवढ्यानं ते मागे राहतं. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये टिसेलियसच्या इलेक्ट्रोफोरेसिस उपकरणात हाच भाराचा फरक पकडला. आजाराचं मूळ एका रेणूत आहे, हे तेव्हा प्रथमच दिसलं. भारातल्या त्या फरकाच्या मुळाशी एकच अमिनो आम्ल आहे, हे १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्राम यांनी दाखवलं.

पोन्सो एसच्या लाल रंगात बुडवून आणि जादा रंग धुऊन काढल्यावर पट्टी बोलू लागते. एएसमध्ये दोन ठळक रेघा, त्यातली ‘ए’ची जाड. एसएसमध्ये ‘ए’ नाहीच. मात्र रुग्णाला नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर दात्याचं ‘ए’ तिथे दिसतं आणि रुग्ण वाहक भासतो. त्यामुळे ‘मागच्या काही महिन्यांत रक्त चढवलं का’ हा प्रश्न चाचणीचाच भाग आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. चुकीच्या वाचनाची किंमत इतकी मोठी.

शिवाय पंजाबात आढळणारं ‘डी’ हिमोग्लोबिन या पट्टीवर ‘एस’च्याच जागी थांबतं. रेघ ‘एस’च्या जागी, पण सॉल्युबिलिटी निगेटिव्ह, असं दिसलं की तोच नमुना सुमारे ६.२ पीएचच्या सायट्रेट अगारवर पुन्हा चालवतात. तिथे ‘डी’ हे ‘ए’सोबत जातं आणि ‘एस’ वेगळं पडतं. ती दुसरी पट्टी वाचून झाल्यावरच अहवालावर सही होते.