टाकी फुल्ल, पण बचत कुणाची?

कट्टा रुईयाचा असो, परळच्या एमडीचा असो की चौपाटीसमोरच्या विल्सनचा, बाइकवाल्यांची तक्रार सध्या एकच. ‘अ‍ॅव्हरेज पडलंय यार!’ त्यावर कुणीतरी लगेच म्हणतं, ‘इथेनॉल, दुसरं काय!’ आणि मग तिसरा विचारतो, ‘अरे, पण इथेनॉलमुळे पेट्रोल स्वस्त पडणार होतं ना?’ हा तिसऱ्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आज त्याचंच उत्तर शोधूया. मोबाइलचा कॅल्क्युलेटर तेवढा उघडून ठेवा.

हे ई-२० आलं कुठून?

ई-२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. इथेनॉल बनतं उसाची मळी, उसाचा रस, मका आणि तांदूळ यांपासून. हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याची पहिली चाचणी झाली, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २० टक्क्यांसाठी आधी २०३० साल ठरलं होतं, ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्येच आपण तिथे पोहोचलो. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्यायही पंपावर मिळावा, अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती फेटाळली गेली.

अ‍ॅव्हरेज खरंच पडतं?

हो, पडतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई-१० वरून ई-२० वर आलात की दर लिटरमागे तीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी मिळते. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असतं, हा त्याचा प्लस पॉइंट. पण त्याचा फायदा उठवायला इंजिनही तसं ट्यून केलेलं लागतं.

नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात हे आकडे आधीच मांडले होते. ई-२० साठी न बनलेल्या कारचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असं त्यात म्हटलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ही घट किरकोळ असल्याचं सांगितलं. ई-२० साठी ट्यून केलेल्या कारमध्ये १ ते २ टक्के, बाकीच्या गाड्यांत ३ ते ६ टक्के.

आता खिशाचा हिशेब

समजा, तुमची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते, महिन्याला ५०० किलोमीटर फिरते आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये आहे. महिन्याचा खर्च झाला साधारण ११५६ रुपये. अ‍ॅव्हरेज ३ टक्के घटलं तर ३६ रुपये जास्त जातात, ६ टक्के घटलं तर ७४. म्हणजे महिन्याला दोन ते चार वडापाव. चालतंय की, असं वाटेल.

पण हाच हिशेब डिलिव्हरी करणाऱ्या मुलासाठी मांडा. आपल्याकडे टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि शहराच्या या भागात रिक्षा येतच नाहीत. पेट्रोल जाळून पोट भरणारा इथे मुख्यतः बाइकवालाच. तो रोज १०० किलोमीटर फिरला आणि महिन्याचे २६ दिवस कामावर गेला, तर ३ टक्क्यांना १८६ रुपये आणि ६ टक्क्यांना ३८४ रुपये जादा जातात. वर्षाला सव्वादोन ते साडेचार हजार. तुमच्यातले काही जण लेक्चर संपल्यावर हेच काम करतात, त्यांना या पैशांची किंमत सांगायला नको.

मग वाचले कुणाचे?

देशाचे वाचले, हे मान्य करायला हवं. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून जास्त परकीय चलन वाचलं. जो पैसा तेलासाठी परदेशात गेला असता, त्यातला मोठा हिस्सा शेतकऱ्यांकडे आणि कारखान्यांकडे वळला. लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांचं गाव सातारा, सांगली नाहीतर कोल्हापूर. पंपावर पैसे भरणारा पुतण्या आणि उसाचं बिल घेणारा काका एकाच घरातले असू शकतात. अर्थात आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून, मुख्यतः मक्यापासून येतं.

पण पंपावरचा दर का उतरला नाही? कारण इथेनॉल स्वस्त राहिलेलं नाही. जुलै २०२५ अखेर तेल कंपन्यांना ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरने पडत होतं. रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा हे महाग आहे, हे मंत्रालयानेच सांगितलंय. २०२१ च्या त्याच अहवालात नीती आयोगाने मिश्रित पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं, असंही सुचवलं होतं. अ‍ॅव्हरेज ३ टक्के घटतं, तर १०४ चं पेट्रोल १०१ च्या आसपास मिळायला हवं. ६ टक्के घटत असेल तर ९८ च्या. ते घडलं नाही.

ब्राझीलमध्ये लोक हाच हिशेब पंपावर उभं राहून करतात. तिथे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. आपल्याकडे हिशेब करता येतो, निवड करता येत नाही.

तुमच्या गाडीचं काय?

कट्ट्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका, स्वतः मोजा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच टाकी भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एकदा मोजून भागणार नाही, निदान चार-पाच वेळा मोजा. ४५ चं ४३.६ होणं म्हणजे ३ टक्के, आणि एवढा फरक दादर टीटीचा ट्रॅफिक किंवा टायरमधली कमी हवासुद्धा पाडू शकते.

गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर सर्व्हिसिंगला रबरी पाइप आणि गॅस्केट तपासून घ्या. जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर हे भाग बदलावे लागू शकतात, असं मंत्रालयही म्हणतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेव्हा चाळीबाहेर पावसात उभ्या असणाऱ्या गाडीच्या टाकीचं झाकण घट्ट बसतंय ना, तेही बघा.

थोडक्यात, ई-२० मुळे देशाचं परकीय चलन वाचतं, तुमचे पैसे वाचत नाहीत. इथेनॉल वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. देशाच्या बचतीतला थोडा वाटा पंपावरही दिसावा, एवढी मागणी करायला मात्र तुमचा हिशेब पक्का हवा.