एकट्यानं लांब डोंगरचाल? सराव घराजवळच!

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एकट्यानं अनेक दिवस चालायचंय? पिंपरी-चिंचवड, चाकणकरांनो, सरावाला लांब जायची गरज नाही. भामचंद्र, भंडारा, घोराडेश्वर हे तुकोबांच्या चिंतनाचे तिन्ही डोंगर आपल्याजवळ आहेत! मोहिमेत न्यायचं तेवढंच वजन पाठीवर घ्या आणि रात्रपाळी नसलेल्या आठवड्यात सलग दोन दिवस चाला. खरी तयारी दुसऱ्या दिवशी कळते. उताराचा सराव जास्त करा, गुडघे तिथंच दुखतात.

हा सराव झाला की मग भोरगिरी ते भीमाशंकर ही वाट चाला. भीमाशंकर हे १९८५ पासूनचं अभयारण्य, आत जाळ करू नका. उन्हाळ्यात झरे आटतात, म्हणून पाण्याची चौकशी आधी गावात करा. वाट आणि मुक्काम घरी लिहून ठेवा. ठरल्या वेळी फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तेही लिहा. पावसाळ्यात मात्र एकट्यानं जाऊच नका.