सप्ताहाचा स्पीकर घेताना

सप्ताहाच्या भजनासाठी अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला स्पीकर घ्यायला गेलात, की दुकानदार आधी वॅट सांगणार. भुलू नका. वॅट दुप्पट झाले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला जेमतेम कळतो. त्यापेक्षा पेटी स्टँडवर, श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर आणि माइकच्या पुढे ठेवा. मागे ठेवली तर शिट्टी वाजणारच.

खरी काळजी विजेची. प्रत्येक पेटीला वेगळी वीज लागते, मग शेतीपंपाच्या लाइनवरून वायर ओढली जाते, तीन पिनांचा प्लग काढून दोन उघड्या तारा खुपसल्या जातात. अर्थिंग नसले की बुवांच्या हातातला माइकही झटका देऊ शकतो, तोही जीवघेणा! ग्रामपंचायतीने मंडपाचे अर्थिंग वायरमनकडून आधीच तपासून घ्यावे, ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. आणि २०००च्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद; सवलतीचे दिवस पोलीस ठाण्यात विचारून घ्या.