गायतोंडे पाहायला बदलापूर लोकलने

‘अमूर्त’ या शब्दाची फोड करून सांगताना मी वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राची छापील प्रत वर्गात फिरवली. पहिल्याच बाकावरून प्रश्न आला, “सर, यात चित्र कुठं आहे?” वर्ग खो खो हसला. मीही हसलो खरा. पण गायतोंडे मी स्वतः तरी कागदाखेरीज कुठे पाहिले होते?

वास्तविक हा चित्रकार आपल्यातलाच. जन्म १९२४ साली नागपुरात, घराणे गोव्याचे, वाढले गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ मध्ये घेतली, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २००१ साली ते वारले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेले. तेवढ्यात बदलापुरात किती फ्लॅट येतील, याचा हिशेब आमच्या घरी लगेच झाला!

पाहायला मात्र कोटी लागत नाहीत. जहांगीर निकल्सन या कापसाच्या व्यापाऱ्याने १९६८ पासून आधुनिक चित्रे जमवली. तो सुमारे आठशे कलाकृतींचा संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे आणि त्यात गायतोंडे आहेत. समोरच, कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. दिल्लीला गेलात, तर त्याच संस्थेचे जयपूर हाउस चुकवू नका. फक्त आधी चौकशी करा. संग्रहालये सगळी चित्रे एकदम टांगत नाहीत. पाळीपाळीने बाहेर काढतात. एका गावी मी नुसता हेलपाटा घालून परतलो आहे.

तर एका रविवारी आम्ही आठजण निघालो. मी बदलापूरला चढलो, तिघे अंबरनाथला, चौघे उल्हासनगरला. सुदैवाने त्या दिवशी गायतोंडे भिंतीवर होते. पाच मिनिटांत पोरे पुढच्या दालनात पळाली. उल्हासनगरची एक मुलगी तेवढी हलेना. तिचे वडील अनेक वर्षे जीन्स धुण्याच्या कारखान्यात होते.

“सर, हा रंग लावून परत काढलाय. जीन्सचं असंच असतं. वरचा उडवला की खालचा दिसायला लागतो.”

गायतोंडे रोलरने आणि सुरीने रंग चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत, हे मी पुस्तकात वाचले होते. मुलीने ते नुसत्या डोळ्यांनी ओळखले. छापील प्रतीत हे थर दिसणारच कसे? तिथे सगळा रंग एका पातळीवर येतो. वर्गात मी काय समजावीत होतो, कोण जाणे.

पुढच्याच रविवारी ती वडिलांना घेऊन पुन्हा गेली. सोमवारी मी विचारले, “काय म्हणाले बाबा?”

“म्हणाले, काम चोख आहे. पण हा माणूस दिवसाला एक पीस काढणारा नव्हे.”

गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहा चित्रे करीत. हे त्यांना कुणीही सांगितले नव्हते.