विहिरीपासून कुंडीखालच्या बशीपर्यंत

मुंबईतल्या हिवतापावरचा डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ साली आला आणि बोट थेट घराकडे गेलं. हिवतापाचा डास वाड्यांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढत होता. पालिकेने विहिरी बुजवायला, बंदिस्त करायला काढल्या तेव्हा लोक दुखावले. साहजिकच होतं, त्या विहिरींवर रोज दिवा लागत होता. रुस्तम मसानी यांचं विहिरींविषयीच्या लोकश्रद्धांवरचं पुस्तक याच वादाच्या काळातलं.

पुढे डीडीटी आलं. देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. १९५३ पासून गावोगाव भिंतींवर फवारणी सुरू झाली आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या घरात आले. चावून झाल्यावर डास भिंतीवर टेकतो, तिथेच त्याला गाठायचं, अशी ती युक्ती. फवारलेली भिंत सणासुदीला सारवली की मात्र औषध शेणामातीखाली जायचं. डास औषधाला सरावले, यंत्रणाही सैलावली. १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला.

दरम्यान १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची साथ येऊन गेली होती. मग तीसेक वर्षं हा आजार जणू विसरला गेला. २००६ मध्ये मराठवाड्यात घरटी माणसं सांधे धरून बसली, तेव्हा पुन्हा आठवला. चिकुनगुन्याबरोबर डेंगीही पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. त्याला विहीर लागत नाही. रांजण, कूलर, टायर, करवंटी, कुंडीखालची बशी, काहीही चालतं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

रांजण नुसता उपडा करून भागत नाही, हे अजून पुरेसं पोचलेलं नाही. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला काळी, बारीक अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतली कड काथ्याने खसखसून घासायची, मग उन्हात वाळवायची. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडायचे, संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधायची.

साथ आली की आजही आधी मागणी होते ती धुराच्या गाडीची. उडते डास त्या धुराने मरतात, रांजणातल्या अळ्या तशाच राहतात. निम्मी माणसं जरी त्या गाडीमागे न लावता घरोघरची पिंपं तपासायला पाठवली, तरी मला ती जास्त कामी येतील असं वाटतं.